शाळेत पाहुणे उतरू द्या, पण शाळा गावाची राहू द्या

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
रायगड जिल्हा परिषद, अलिबाग



शनिवारी सकाळी कोलाडला आंबेवाडी नाक्यावर उभे राहिले की मुंबई-पुण्याच्या गाड्या महामार्ग सोडून सुतारवाडीच्या रस्त्याला लागताना दिसतात. भिऱ्याच्या वीजघरातून सोडलेले पाणी कुंडलिकेत उतरते आणि त्या पाण्यावर राफ्ट धावतात. नदीकाठाला तंबू आले, कॉटेजे आली, रिसॉर्टे आली. याच रस्त्यांवरून थोडे आत, वाड्यांमधून गेले तर जिल्हा परिषदेच्या जुन्या कौलारू शाळा दिसतात. काहींत अजून पोरांचा गलका आहे. काहींना कुलूप आहे, कारण शेजारी नवी स्लॅबची खोली झाली किंवा पट घसरत घसरत संपला. चहाच्या टपरीवर कोणीतरी म्हणतोच, ‘ही शाळा भाड्याने द्या, झकास हॉटेल होईल.’

मी या आमच्या पट्ट्यातल्या एका शाळेचा माजी विद्यार्थी आहे. हे बोलणे हाणून पाडण्यासाठी मी हे पत्र लिहीत नाही. ओस पडलेल्या इमारतीत दिवा लागावा, चूल पेटावी, माणसे उतरावीत, असेच मला वाटते. पण ती इमारत कोणाच्या ताब्यात राहणार, स्वयंपाक कोणाच्या हातचा असणार आणि आत शिरण्याचा पहिला हक्क कोणाचा, हे आधी ठरले पाहिजे. ते ठरवणे तुमच्या हातात आहे, म्हणून तुम्हाला उद्देशून चारचौघांत लिहितो आहे.

ज्या इमारतीबद्दल बोलतो आहे ती लांबट आहे. पुढे ओटीसारखा व्हरांडा, त्याला लाकडी खांब, मागे ओळीने तीन खोल्या. जमीन मातीची होती तेव्हा दर शनिवारी मुली शेण कालवून ती सारवायच्या आणि मुलगे ओढ्यावरून पाणी आणायचे. घंटा म्हणजे रुळाचा एक तुकडा, आढ्याला तारेने टांगलेला. वर मंगलोरी कौले. एखादे कौल उतरवून उलटे धरले तर कारखान्याचा ठसा अजून स्पष्ट वाचता येतो. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला ही कौले भाजायला सुरुवात केली आणि पुढच्या काळात कोकण किनाऱ्यावरच्या शाळा, कचेऱ्या, बंगले त्यांनीच शाकारले गेले. दारावरच्या पाटीचा रंग पोपडे होऊन सुटला आहे. ‘रायगड’ या शब्दाखालून जुना ‘कुलाबा’ वर येतो. जिल्ह्याचे नाव १९८१ मध्ये बदलले, पाटी मात्र तीच राहिली, वरून नुसता हात फिरवला.

त्या पाटीच्या आधीचाही इतिहास आहे. आधी लोकल बोर्डाच्या शाळा होत्या. १९२३ च्या प्राथमिक शिक्षण कायद्यानंतर जिल्हा स्कूल बोर्डे आली. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा झाल्या आणि हा सगळा संसार तुमच्या कार्यालयाकडे आला. कागदोपत्री मालक बदलत गेले, पण भिंती उभ्या राहिल्या त्या बहुतेक ठिकाणी गावाच्या जोरावर. कोणी जागा बक्षीस दिली, कोणी वासे दिले, ज्याच्याकडे द्यायला काही नव्हते त्याने दगड वाहिले. माझ्या आजोबांच्या पिढीतली माणसे शाळेकडे बोट दाखवून ‘आमच्या खांद्यावर आलेली’ असे सांगत. सातबाऱ्यावर या खांद्यांची नोंद नसते, म्हणून ती इथे करतो आहे.

शाळेत माणसे उतरणे ही काही नवी कल्पना नव्हे. मे महिन्यात गावात लग्न असले की वऱ्हाडाचा जानोसा शाळेतच. बाके एका भिंतीला रचायची, सतरंज्या पसरायच्या, आणि ज्या फळ्यावर एप्रिलपर्यंत त्रैराशिक होते त्याच्यावर मुलीकडच्या पोरांनी खडूने ‘सुस्वागतम्’ लिहायचे. पायी दिंडी आली की मुक्काम शाळेत. घाटावरून बदली होऊन आलेल्या गुरुजींना गावात खोली मिळेपर्यंत त्यांचे अंथरूण शाळेत. मतदान शाळेत, लसीकरण शाळेत. पूर आला किंवा दरड कोसळायची भीती झाली की डोंगराखालच्या वस्त्या रात्रीतून हलवायच्या त्या शाळेतच. २०२१ च्या जुलैत तळियेची आणि २०२३ च्या जुलैत इर्शाळवाडीची दरड पाहिलेल्या या जिल्ह्यात पक्क्या, उंचावरच्या सार्वजनिक छपराची किंमत तुम्हाला वेगळी सांगायला नको. अशी इमारत उद्या पूर्णपणे खासगी हाती गेली आणि दाराशी पहारेकरी बसला, तर त्या रात्री आम्ही कोणाकडे किल्ली मागायची?

शाळा आणि धर्मशाळा ही दोन नावे या जिल्ह्याच्या इतिहासात एकाच ठरावात शेजारी-शेजारी आलेली आहेत. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलने मंजूर केला. सरकारी पैशाने बांधलेले किंवा चालणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तशाच सार्वजनिक शाळा, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना वापरू द्यावेत, असे तो ठराव सांगत होता. महाड नगरपालिकेने त्याला अनुसरून चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. पण कागदावर खुले झालेले तळे प्रत्यक्षात बंदच होते, म्हणून २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारोंसह त्या तळ्यावर गेले. ते महाड आपल्याच जिल्ह्यात, कोलाडहून याच महामार्गाने दक्षिणेला. सार्वजनिक पैशाची वास्तू सर्वांची, हा हक्क ज्या मातीत झगडून मिळवला, तिथली शाळा पाहुण्यांसाठी उघडताना गावातल्याच काही माणसांना ती बंद होणार नाही, एवढी काळजी घेणे आपले काम आहे.

आता जिथे हे घडले आहे तिथले सांगतो.

जवळचे उदाहरण गोव्यातले. पणजीच्या फोंताइन्हास भागात पीपल्स हायस्कूलच्या जुन्या इमारतीत आज ‘पणजी पीपल्स’ नावाचे निवासस्थान चालते. वर्गांच्या खोल्या ऐसपैस, छत उंच, खिडक्या मोठ्या. शाळेसाठी जो उजेड-वारा लागतो तोच उतारूला सुखाचा असतो. शाळा तिथून गेली, तरी नावातले ‘पीपल्स’ उतारूंच्या तोंडी राहिले. अमेरिकेत पोर्टलँड शहरातली केनेडी स्कूल १९१५ मध्ये सुरू झाली, १९७५ मध्ये बंद पडली, पाडली जाणार होती. शेजारपाजारच्यांनी ती लावून धरली आणि १९९७ पासून ती हॉटेल आहे. खोल्यांत फळे अजून भिंतीवर आहेत.

पण मला सर्वांत जास्त शिकवले ते जपानच्या क्योतो शहराने. तिथे १८६९ मध्ये, देशाचा शिक्षण कायदा यायच्या आधी, लोकांनी आपापल्या मोहल्ल्यांसाठी ६४ प्राथमिक शाळा उभ्या केल्या. पैसा कसा जमवला? ज्या घरात चूल पेटते त्या प्रत्येक घराने वर्गणी द्यायची, मूल असो वा नसो. आपल्याकडे चुलीमागे वर्गणी काढतात, अगदी तशीच. शहराच्या मध्यभागी मुले कमी होत गेली, शाळा एकत्र केल्या गेल्या, इमारती रिकाम्या पडल्या. त्यांपैकी रिस्सेइ शाळेची १९२८ ची इमारत १९९३ मध्ये बंद झाली. तिच्या आवारात २०२० मध्ये हॉटेल सुरू झाले, पण त्याच आवारात वाचनालय ठेवले, सभागृह ठेवले, मोहल्ल्याच्या मंडळाला बसायला जागा ठेवली आणि पुढे हिरवळीचे मोकळे अंगण सोडले. कियोमिझु शाळेची १९३३ ची इमारत २०११ मध्ये बंद झाली आणि तिथेही २०२० मध्ये हॉटेल आले. जपानच्या शिक्षण मंत्रालयाने २०१० पासून बंद शाळांची यादी जाहीर करून, कोणाला काय करायचे आहे हे उघडपणे मागवण्याचा उपक्रम चालवला आहे. यादी उघड, मागणी उघड, अटी उघड. रायगडला यातले काय परवडणार नाही?

पण क्योतोत मुले खरोखरच संपली होती. आमच्याकडे तसे नाही, आणि हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

२०२३ मध्ये राज्यात २० किंवा त्याहून कमी पटाच्या १४,७८३ शाळांची आणि त्यांतल्या सुमारे १ लाख ८५ हजार मुलांची चर्चा झाली. अशा छोट्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा प्रस्ताव पुढे आला, पानशेतच्या समूह शाळेचे उदाहरण दाखवले गेले. आकड्यांत हे सोपे दिसते. कोलाड-रोहा पट्ट्यात तो पट कमी का होतो ते जवळून बघावे लागते. एक कारण जुने आहे. गावचा तरणा माणूस पूर्वी गिरणीत गेला, आता कंपनीत जातो, आणि बायको-पोरांसह तिकडेच राहतो. दुसरे कारण कातकरी वाडीत दिसते. पावसाळ्यात मुले शाळेत असतात. ३० सप्टेंबरला पट धरला जातो तेव्हाही असतात. दिवाळी उरकते, भट्टीवाल्याची उचल घेतलेली असते, एका पहाटे टेंपो वाडीत येतो आणि भांडी, कोंबड्या, पोरे घेऊन घरेच्या घरे वीटभट्टीवर किंवा कोळसाभट्टीवर निघून जातात. परत येतात ती पावसाच्या तोंडावर. मध्ये सहा महिन्यांची शाळा बुडते. हजेरीपुस्तकात नाव असते, बाकावर मूल नसते. आणि मग एक दिवस त्याच बाकांकडे बोट दाखवून म्हटले जाते, इथे मुले येतच नाहीत.

या मुलांसाठी सरकारची योजना आहे. तिचे नाव हंगामी वसतिगृह. आईबाप कामाला बाहेर गेले तरी मूल गावातच आजीजवळ राहावे, शाळेत यावे, दोन्ही वेळचे जेवण त्याला मिळावे, अशी ती कल्पना. ऊसतोडीच्या जिल्ह्यांत ती जास्त माहीत आहे. वीटभट्टीच्या आमच्या जिल्ह्यात तिची गरज तेवढीच आहे.

म्हणून माझे मागणे असे आहे की कोलाड भागातल्या रिकाम्या शाळेत मुक्कामाची सोय करायची असेल, तर तिथले पहिले मुक्कामी या वाड्यांवरची पोरे असावीत. तीन खोल्यांपैकी एक खोली दिवाळीपासून शाळा सुटेपर्यंत त्यांची. उरलेल्या दोन खोल्यांत नदीवर आलेले पाहुणे उतरू देत. पाहुण्यांच्या भाड्यातून मुलांच्या रात्रीच्या जेवणाचा आणि त्यांच्याजवळ झोपणाऱ्या एका बाईच्या पगाराचा खर्च भागावा. रविवारी दुपारी पाहुणे गाड्यांत बसून निघतील, सोमवारी सकाळी मुले शेजारच्या चालू शाळेत जातील. मुलांची खोली, त्यांचे न्हाणीघर आणि दार स्वतंत्र असले पाहिजे, आणि रात्री जबाबदार बाईमाणूस तिथे हजर असले पाहिजे. यात कुठेही काटकसर चालणार नाही. हे जमत नसेल तर त्या इमारतीत पाहुणे नकोत, नुसती मुलेच राहू द्या.

स्वयंपाकाचा प्रश्न सुटलेलाच आहे. शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या ताई गावात आहेत, बचत गट आहेत. तुटपुंज्या मानधनावर वर्षानुवर्षे पन्नास-पन्नास पोरांची खिचडी वेळेवर शिजवणाऱ्या बाईला वीस पाहुणे जड नाहीत. तांदळाची भाकरी, कडव्या वालांचे बिरडे, सुकटीची चटणी, हिवाळ्यात शेतात लावलेली पोपटी. मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यात वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे घालून वर जाळ करायचा, हे मुंबईच्या माणसाला कुठल्याही रिसॉर्टच्या बुफेत मिळणार नाही. सरकारची निवास व न्याहारी योजना आहे. २०२३ मध्ये महिलांसाठी ‘आई’ पर्यटन धोरण आले आहे. हे सगळे एकत्र बांधायला जिल्हा परिषदेचा एक माणूस गावात दोन-चार वेळा येऊन बसला तर पुष्कळ होईल.

मालकी मात्र हलता कामा नये. नदीकाठचा इतिहास डोळ्यांपुढे आहे म्हणून हे इतक्या ठामपणे लिहितो. ज्या पाण्यावर आज राफ्ट चालतात त्यातले बरेचसे मुळात कुंडलिकेचे नव्हे. घाटावर मुळशीला धरण बांधून ते अडवले, बोगद्यातून आणि नळांतून भिऱ्याला पाडले, आणि १९२७ पासून त्यावर वीज होऊ लागली. त्या धरणाखाली मावळातली गावे आणि भाताची शेते गेली. १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या साथीने शेतकऱ्यांनी मुळशीचा सत्याग्रह केला आणि ते हरले. त्या पाण्याने मुंबईला वीज दिली, डोलवहाळच्या बंधाऱ्यातून खालच्या शेतांना उन्हाळी भात दिला, आज तरुणांना रोजगार देते आहे. त्याचा फायदा मी नाकारत नाही. पण गावाच्या हातून एकदा गेलेली गोष्ट परत येत नाही, हे मुळशीकरांनी भोगले आहे. शाळेची इमारत त्यामानाने लहान गोष्ट आहे, म्हणूनच ती राखणे आपल्याला शक्य आहे. करार करायचा तर ग्रामपंचायतीच्या आणि बचत गटाच्या नावे करा, थोड्या मुदतीचा करा, आणि आपत्तीत इमारत तासाभरात रिकामी करून देण्याची अट त्यात लिहा.

डागडुजीबद्दलही बोलतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आपल्या किनाऱ्यावर आदळले तेव्हा जिल्ह्यातल्या कितीतरी शाळांची छपरे उडाली. घाईघाईत पत्रे टाकले गेले आणि त्या वेळी ते योग्यच होते, कारण पावसाळा दाराशी होता. पण पत्र्याखाली एप्रिलमध्ये बसवत नाही आणि जुलैमध्ये शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही. आता वेळ आहे. वासे तपासून घ्या, किडलेले तेवढे बदला, कौले पुन्हा चढवा. जुन्या इमारतीवर स्लॅब टाकून तिला ‘मजबूत’ करण्याचा मोह कंत्राटदाराला होईल. त्याला आवरा. चुन्यातल्या भिंती, उंच छप्पर आणि खोल व्हरांडा कोकणच्या हवेसाठी विचारपूर्वक केलेला आहे. पाहुणा येईल तो त्याच्यासाठीच येईल.

आणि कपाट. पाहुणे यायच्या कितीतरी आधी, प्रत्येक बंद शाळेतले लोखंडी कपाट उघडून त्यातली रजिस्टरे बाहेर काढा. जुने दाखल-खारीज रजिस्टर म्हणजे गावाची वंशावळ आहे. मुलाचे नाव, बापाचे नाव, जात, जन्मतारीख, कुठल्या गावाहून आला, शाळा का सोडली. शेवटच्या रकान्यात शाईने लिहिलेले ‘मुंबईस गेला’, ‘गुरे राखतो’ असे शेरे वाचले की पन्नास-साठ वर्षांचा रोहा तालुका समोर उभा राहतो. हे नुसते आठवणींचे काम नाही. जातीचा दाखला काढायला अनुसूचित जाती-जमातींना १९५० पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांना १९६१ पूर्वीचा आणि ओबीसींना १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, आणि गरिबाकडे तो बहुतेक वेळा शाळेच्या या पानावरच असतो. २०२३ पासून न्या. शिंदे समितीच्या कामात कुणबी नोंदी शोधताना हीच रजिस्टरे पालथी घातली गेली. मी एका बंद खोलीत अशा रजिस्टरांचा गठ्ठा पाहिला आहे. वरची दोन वाळवीने खाल्ली होती, हात लावला तर कागदाचा भुगा हातात आला. खालची शाबूत होती. एखाद्या कातकरी पोराला बारावीनंतर प्रवेशाच्या वेळी आजोबांची नोंद हवी असेल आणि ती त्या वरच्या दोनपैकी एकात असेल, तर त्याने काय करायचे? ही रजिस्टरे स्कॅन करा, मूळ प्रती तालुक्याला सुरक्षित ठेवा, आणि एक छापील प्रत त्याच शाळेच्या व्हरांड्यात, कोणालाही बसून बघता येईल अशी ठेवा. बालपण रोह्यात गेलेले चिंतामणराव देशमुख १९१२ च्या मॅट्रिकला पहिले आले आणि पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, हे आम्हाला अभिमानाने शिकवले गेले. ज्यांचा कोणी अभिमानाने उल्लेख केला नाही अशा शेकडो मुलामुलींचा पहिला आणि बहुधा एकमेव सरकारी कागद त्या कपाटात आहे.

शेवटची एक विनंती सर्वांत कडक शब्दांत करतो. चालू शाळा रिकामी करून तिची धर्मशाळा करू नका. पाच मुले असली तरी ती शाळा आहे. पहिली ते पाचवीच्या मुलाला एक किलोमीटरच्या आत शाळा मिळणे हा २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याखालचा त्याचा अधिकार आहे. नदीकाठची जागा मोक्याची आहे म्हणून पट कमी दाखवण्याची घाई कोणालाही होऊ नये, आणि झाली तर ती तुमच्या टेबलावर अडली पाहिजे. ज्या इमारतीला आज खरोखर कुलूप आहे तिच्याबद्दलच हे सगळे मागणे आहे.

तर येत्या १ मेच्या ग्रामसभांपुढे रोहा तालुक्यातल्या अशा इमारतींची यादी ठेवावी. प्रत्येकीसमोर सातबारा कोणाच्या नावे आहे, छप्पर कोणत्या अवस्थेत आहे, कपाटात काय आहे आणि वाडीतली किती मुले दिवाळीनंतर भट्टीवर जातात, हे लिहिलेले असावे. गाव त्यावर बोलेल, भांडेलही, पण ठरवेल. रजिस्टरे मात्र ग्रामसभेची वाट न बघता हलवावीत. पावसाआधी ती कोरड्या जागी पोचली पाहिजेत. गठ्ठे बांधायला आणि गाडीत चढवायला आमच्याकडची माणसे हाक माराल त्या दिवशी येतील.

आपला,
कोलाड पट्ट्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेचा माजी विद्यार्थी